बाणाची कळ आणि मधला अर्धा सेकंद

स्वतःचा पहिला खेळ लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. उजव्या बाणाची कळ दाबून धरली की पडद्यावरचं चित्र एक पाऊल सरकतं, क्षणभर थबकतं आणि मग अडखळत धावू लागतं. धावता धावता गोळी झाडायला स्पेस दाबला की धावणंच थांबतं. आपल्या कोडमध्ये चूक असेल किंवा मशीन हळू असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात कीबोर्ड त्याचं काम चोख करत असतो. फक्त ते काम टायपिंगचं असतं.

१९८१ सालचा आयबीएम पीसी मुळात ऑफिसच्या टेबलासाठी होता. त्याचा ८३ कळांचा कीबोर्ड एखादी कळ दाबून ठेवली तर सुमारे अर्धा सेकंद वाट पाहायचा आणि मग तीच कळ सेकंदाला दहाच्या आसपास वेळा पुन्हा पाठवायचा. पत्र टाइप करणाऱ्याचं बोट जरा रेंगाळलं तर एका अक्षराची चार होऊ नयेत, म्हणून ही वाट पाहणी. शिवाय पुन्हा पुन्हा पाठवली जायची ती फक्त शेवटी दाबलेली कळ. स्पेस दाबताच बाणाचा ओघ तुटायचा तो त्यामुळे. टायपिंगसाठी हे दोन्ही नियम अगदी योग्य आहेत. खेळाची मात्र त्यांनी पुढची अनेक वर्षं अडवणूक केली.

त्यात बफरची भर. पीसीच्या बायोसमध्ये (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) आलेल्या कळा साठवायला एक छोटी रांग होती, पंधरा कळांची. खेळ हळू चालत असला की रांग भरायची, स्पीकर पीं पीं करायचा, आणि कळ सोडून दिली तरी चित्र रांग संपेपर्यंत चालतच राहायचं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी++ वर ज्यांनी साप किंवा गाडीचा खेळ लिहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. केबीहिट हे फंक्शन विचारायचं ‘काही आलंय का?’, गेटसीएच हे दुसरं फंक्शन रांगेतली एक कळ काढून द्यायचं. बाणाची कळ असेल तर आधी शून्य आणि मग ७२, ८०, ७५ किंवा ७७. ते आकडे माझे अजून पाठ आहेत. पण ‘कळ आत्ता दाबलेली आहे का?’ हा खेळाचा खरा प्रश्न त्या दोघांपैकी एकालाही विचारता येत नव्हता.

खेळासाठी वेगळी साधनं लागतात हे फार आधी लक्षात आलं होतं. १९६२ मध्ये एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ खेळणारे सुरुवातीला यंत्राच्या पॅनेलवरचे स्विच वापरत. हात अवघडायचे, म्हणून अ‍ॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी वेगळ्या कंट्रोल पेट्याच बनवल्या. पुढे घरगुती संगणकांत १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमने कळांची स्थिती थेट वाचू दिली. पाच-पाच कळांच्या आठ अर्ध्या ओळी होत्या, आणि प्रत्येक कळेचा एक बिट होता. बीबीसी मायक्रोच्या बेसिकमध्ये इन्की या फंक्शनला ऋण आकडा दिला की ठरावीक कळ त्या क्षणी खाली आहे की नाही एवढंच कळायचं. १९८४ पासून भारतातल्या शाळांमध्ये ‘क्लास’ या संगणक शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून हेच यंत्र पोचलं होतं. म्हणजे योग्य प्रश्न विचारायची सोय तेव्हा शाळेतल्या संगणकावर होती. नंतर कॉलेजात पीसी समोर आला आणि ती सोय हातून गेली, असं मला नेहमी वाटतं.

तरी पीसीवरही वाट होती, फक्त ती बायोसला बाजूला सारून जायची. कळ दाबली की कीबोर्ड एक आकडा पाठवतो आणि सोडली की दुसरा. मूळ पीसीत हा दुसरा आकडा म्हणजे पहिल्यात १२८ मिळवून येणारा. दोन्ही वेळा नऊ नंबरचा इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून प्रोसेसरला दिलेली हाक, उठतो. खेळ लिहिणाऱ्यांनी तो इंटरप्ट स्वतःकडे वळवला. कीबोर्डचा आकडा जिथे येतो तो पोर्ट ६० (हेक्स) वाचायचा, १२८ घरांच्या तक्त्यात त्या कळेपुढे दाबल्यावर एक आणि सोडल्यावर शून्य लिहायचं, बस. मग खेळाने दर फेरीला फक्त तक्ता बघायचा. मधला अर्धा सेकंद गेला, रांग गेली, आणि धावता धावता उडी मारून गोळी झाडता येऊ लागली. खेळातून बाहेर पडताना जुना इंटरप्ट परत जागेवर ठेवायला विसरलं तर मात्र कीबोर्ड मुका व्हायचा आणि रीसेटशिवाय गत्यंतर नसायचं.

एक मर्यादा कोडच्या पलीकडची होती. कीबोर्डच्या आत तारांची जाळी असते. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेल्या जाळीत चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो. हा घोटाळा टाळायला कीबोर्ड अशी कळ पाठवतच नाही, म्हणून एका कीबोर्डवर दोघे खेळताना एखादी कळ लागतच नाही. तिथे कळा बदलून घेणं हाच उपाय.

आता चित्राकडे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७९ च्या सुमाराच्या टीएमएस ९९१८ चिपमध्ये ३२ स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर वेगळी हलवता येणारी छोटी चित्रं, होते, तर कमोडोर ६४ मध्ये २४ बाय २१ ठिपक्यांचे आठ. चिपला नवी जागा सांगायची आणि चित्र तिथे दिसायचं, मागची पार्श्वभूमी जशीच्या तशी. पीसीत असलं काही नव्हतं. जुनं चित्र पुसा, नवं काढा, सगळं ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरने करायचं. पुसणं आणि काढणं यांच्या मधल्या क्षणी पडद्याचा किरण तिथून गेला की चित्र लुकलुकायचं. टर्बो सीत चित्र काढणारं पुटइमेज एक्सऑर पद्धतीने (पहिल्यांदा चित्र उमटतं, तिथेच पुन्हा काढलं की पुसलं जातं) दोनदा वापरून हलवलेली गाडी अशीच थरथरायची.

यावर दोन उपाय रुळले. एक, सगळं दृश्य नजरेआड मेमरीत रंगवायचं आणि किरण खालून वर परतत असताना एकदम पुढे आणायचं. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए या ग्राफिक्स पद्धतीच्या ३२० बाय २०० ठिपक्यांच्या मोडमध्ये हे ६४,००० बाइट सेकंदाला ७० वेळा हलवायचे असत, आणि साध्या मशीनला ते जड जाई. दुसरा उपाय जॉन कारमॅक या गेम प्रोग्रामरचा. १९९० मध्ये त्याने ईजीए या ग्राफिक्स कार्डची दृश्य सरकवण्याची सोय वापरली आणि बदललेले चौकोन तेवढेच पुन्हा रंगवले. त्यावर उभा राहिलेला ‘कमांडर कीन’ १४ डिसेंबर १९९० ला बाहेर आला. पीसीवर असं गुळगुळीत सरकणारं दृश्य तोवर क्वचितच दिसलं होतं. मला त्यात हुशारीइतकीच काटकसर आवडते. जे हललं नाही ते रंगवायचंच नाही.

उरला वेगाचा प्रश्न. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये प्रत्येक फ्रेमला एकच परग्रहवासी पुढे सरके. ५५ असताना सगळे हलायला जवळजवळ सेकंद लागे, आणि शेवटचा एकटा उरला की तो सुसाट सुटे. तिथे ते खेळाला शोभलं. पण ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरलेला खेळ नव्या मशीनवर खेळताच येत नसे. मशीनवरचं टर्बो बटण दाबून वेग उतरवायची सोय आली ती त्यासाठीच. खरा उपाय म्हणजे मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं, वेगाला त्या वेळेने गुणायचं, आणि स्प्राइटची जागा ठिपक्याच्या अपूर्णांकात जपून रंगवताना तेवढी पूर्ण करायची. कळ फक्त दिशा सांगेल, किती सरकायचं ते घड्याळ ठरवेल.

आज नवशिका ब्राउझरमध्ये खेळ लिहितो आणि कीडाउन (कळ दाबल्याची सूचना) आलं की चित्र दहा ठिपके सरकवतो. ऑपरेटिंग सिस्टिम तोच थांबा घेते, तीच शेवटची कळ पुन्हा पाठवते. कीडाउनला खूण करायची, कीअपला (कळ सोडल्यावर) पुसायची, आणि हालचाल रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेमच्या (पडदा रंगवण्याआधी ब्राउझर दर वेळी हाक मारतो त्या) फेरीत करायची, म्हणजे तो जुना १२८ घरांचा तक्ताच. ती फेरी ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला ६० वेळा येते आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १४४ वेळा. वेळेने गुणलं नसेल तर त्याचा खेळ मित्राच्या गेमिंग मॉनिटरवर जवळजवळ अडीचपटीने पळतो, आणि त्या मॉनिटरला टर्बो बटण नसतं.