आधी नाव, मग भाव : परदेशात घर घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकातल्या आमच्या ऑफिसात येणारा जवळजवळ प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "आज डॉलर काय चाललाय?" आम्ही उलट विचारतो, "घर कोणाच्या नावावर घेताय?" पैसे किती जाऊ शकतील, टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो आयकर) किती पडेल, बँक कोणते कागद मागेल, हे सगळं त्या नावावर ठरतं. भाव काय, पैसे पाठवायच्या दिवशी सकाळीही बघता येतो.

आमच्याबद्दल एवढंच. आम्ही बँक नाही. पैसे तुमच्या खात्यातून थेट तिकडच्या बिल्डरच्या किंवा वकिलाच्या खात्यात जातात, आमच्या खात्यातून रुपयाही फिरत नाही. कागद लावणं, बँकेशी भावाची घासाघीस करणं आणि पैसे पोहोचेपर्यंत पाठपुरावा करणं, याची आम्ही फी घेतो.

किती पाठवता येतात

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला तर सव्वादोन कोटी. यात घरासोबतच मुलांची फी, परदेशवारीसाठी घेतलेलं चलन, शेअर, सगळं मोजलं जातं आणि तेही सगळ्या बँकांचं मिळून, कारण मोजणी पॅनवर होते.

ही योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरवर सुरू झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा दोन लाखांवरून ७५,००० डॉलरवर आली आणि या वाटेने घर घेणंच बंद झालं. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं, आजची मर्यादा २०१५ पासूनची. हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे दुबईत तीन-चार वर्षांच्या हप्त्यांवर बुकिंग करणारी मंडळी. शेवटचा हप्ता त्या वेळच्या नियमाने जाणार आहे, आजच्या नाही. म्हणून टोकन भरण्याआधी हप्त्यांचा करार बँकेला दाखवा आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या.

घर महाग असेल तर घरातल्या नातेवाइकांच्या मर्यादा एकत्र करता येतात. पण ज्याच्या खात्यातून पैसे जातात, त्याचं नाव घराच्या कागदावर सहमालक म्हणून हवं. "आईच्या नावावरून पाठवू, घर माझ्या नावावर करू" हे चालत नाही. एकत्र कुटुंबाच्या एचयूएफ खात्यातून, भागीदारी पेढीतून किंवा कंपनीतूनही ही योजना वापरता येत नाही. आपल्याकडे व्यवहार बऱ्याचदा थोरल्या काकांच्या किंवा फर्मच्या खात्यात असतो, म्हणून हे ठळक सांगतोय.

टीसीएस : सगळ्यात जास्त घोळ इथे

घरासाठी पाठवलेल्या रकमेवर, वर्षातले पहिले दहा लाख सोडून, २० टक्के टीसीएस लागतो. तो रकमेतून कापत नाहीत, वरून घेतात. ८० लाख पाठवायचे तर ७० लाखांवर १४ लाख, म्हणजे खात्यात ९४ लाख हवेत. दरवर्षी कोणीतरी नेमके ८० घेऊन येतं आणि मग ऐनवेळी सोनं मोडायची चर्चा आमच्या टेबलावर होते.

हा कर वाया जात नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. नोकरदारांनी कंपनीला कळवलं तर पगारातला टीडीएस तेवढा कमी कापला जातो. पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराचं मात्र वेगळं आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून टीसीएसमधून सुटका होत नाही. ते १४ लाख आधी भरायचे, मग रिटर्न भरून परत मागायचे.

आता पुन्हा नाव. तेच घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि प्रत्येकाने ४० लाख पाठवले, तर दहा लाखांची सूट दोनदा मिळते आणि टीसीएस १२ लाखांवर येतो. अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवली तर सूट चारदा, टीसीएस ८ लाख. शिवाय मार्चमध्ये भरलेला टीसीएस त्याच उन्हाळ्यातल्या रिटर्नमध्ये मागता येतो; एप्रिलमध्ये भरलेला वर्षभर अडकून बसतो. पण केवळ यासाठी बायकोच्या खात्यात आदल्या आठवड्यात पैसे टाकू नका. बँक मूळ विचारतेच.

कागद

नोट नाशिकरोडलाच छापतात आणि पासपोर्टची पुस्तिकाही, पण या दोन्हींच्या मध्ये बँकेचा ए-टू फॉर्म असतो. त्यात पैसे कशासाठी जाताहेत याचा कोड टाकायचा असतो. घरासाठी तो 'एस ०००५'. मुलाला भेट म्हणून पाठवलेल्या पैशाचा कोड वेगळा, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने घाईत दुसरा टाकला तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

घरासाठी पैसे पाठवताना त्या बँकेत तुमचं खातं किमान वर्षभर जुनं असावं, अशी अपेक्षा असते. नवं असेल तर आधीच्या बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट मागतात. ठेव पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत असेल तर तिथून परदेशी पैसे जात नाहीत. आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत वळते करावे लागतात. जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत आणि सातबारा जोडा. यासाठी कर्ज मात्र काढता येत नाही, असा पैसा बाहेर पाठवायला बँकांना कर्ज देण्याची मनाई आहे.

नावांचं स्पेलिंग तर आमची रोजची डोकेदुखी. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, आणि बिल्डरच्या करारात गायबच. एका काकूंच्या करारावर 'वाघ'चं स्पेलिंग व्ही अक्षराने होतं, पासपोर्टवर डब्ल्यूने. पैसे मधल्या बँकेत नऊ दिवस अडकले. तिकडून रोज एकच प्रश्न, ही बाई तीच का? सही करण्याआधी करारावरची नावं पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून घ्या.

भाव आणि इतर खर्च

दोन लाख डॉलर पाठवताना भावात दहा पैशांचा फरक म्हणजे २०,००० रुपये. बँकेचा बोर्डावरचा भाव हा ठरलेला नसतो, मोठ्या रकमेला तो खाली येतो. जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो, एका कोटीवर तो २,६१० रुपये पडतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. मधल्या बँकांचा खर्च आपण भरतो असं फॉर्ममध्ये लिहा, नाहीतर पन्नास डॉलर कमी पोहोचले म्हणून बिल्डर पावती देत नाही. दुबईचं घर असेल तर दिरहममध्येच पाठवा. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, पण डॉलर पाठवले की तिकडची बँक आपल्या भावाने बदलून घेते. आणि तिथल्या जमीन खात्याची चार टक्के फी बजेटमध्ये धरा.

बँकेचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर तो खोटा समजून चाला. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही.

मुलगा तिकडे असेल तर

कित्येकदा सोपी वाट हीच असते. मुलाला भेट म्हणून पैसे पाठवा, घर त्याने त्याच्या नावावर घ्यावं. टीसीएस तेवढाच लागतो, पण पुढे घराची माहिती तुमच्या रिटर्नमध्ये द्यावी लागत नाही. घर तुमच्या नावावर असेल तर साधा 'सहज' फॉर्म चालत नाही, दरवर्षी परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो आणि तोही जानेवारी ते डिसेंबर या हिशोबाने. भाडं येत नसलं तरी. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याने दंड दहा लाखांचा आहे.

आमच्या चौकाच्या नावावर जाऊ नका, कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांना राहतं घर घ्यायला बंदी केली आहे. मुलाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, झालेलं असेल तर त्याला ती लागू नाही. ऑस्ट्रेलियातही एप्रिल २०२५ पासून परदेशी माणसाला जुनं घर घेता येत नाही.

पाठवलेले पैसे व्यवहार फिसकटल्याने तिकडे पडून राहिले, तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. असं झालं तर पाचव्या महिन्यात नव्हे, पहिल्या आठवड्यात आम्हाला सांगा.

पहिल्या भेटीला पॅन, पासपोर्ट, वर्षभराचं स्टेटमेंट आणि कराराचा मसुदा आणा. ज्यांच्या नावावर घर होणार आहे ते सगळे या. चेकबुक आत्ताच नको.