देवराई

देवराई : ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले वन. घाटमाथ्यावर यास ‘राई’ वा ‘देवराई’, तर दक्षिण कोकणात ‘देवरहाटी’ म्हणतात. कोडगूतील देवरकाडू, केरळातील काव, राजस्थानातील ओरण व झारखंडातील सरना ही याच प्रकारची वने होत. राईतील झाड, वेल, झरा, इतकेच काय वाळून पडलेली काटकीही देवाची, ही यामागील श्रद्धा. त्यामुळे आत कोयता-कुऱ्हाड चालवीत नाहीत. देवळाच्या डागडुजीस लाकूड हवे असल्यास आधी देवाला कौल लावून त्याची अनुमती घेतात.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी मातृदेवतांच्या राया शेतीपूर्व, अन्नसंकलक जीवनाशी जोडल्या. राईतील देवता पुष्कळदा शेंदूर माखलेला तांदळा (न घडवलेला दगड) असते आणि वाघजाई, काळकाई, सोमजाई अशी तिची नावे पुराणांतील देवतांपेक्षा वेगळी पडतात, हे त्या मतास पोषक आहे. तथापि देवता प्राचीन म्हणून भोवतीचे रानही तितकेच जुने, असे अनुमान सरसकट करता येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वि. द. वर्तक व परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील रायांची पाहणी केली. गाडगीळांच्या मांडणीत संसाधने जपून वापरण्याच्या सामूहिक शहाणपणावर भर आहे. याउलट केरळातील कावांचा अभ्यास करणारे फ्रीमन यांच्या मते भक्तांच्या लेखी काव ही देवाची मिळकत असून आधुनिक पर्यावरणदृष्टी तीवर लादणे योग्य नाही. कौल लावण्याची रीत पाहता श्रद्धेचे हे वर्णन महाराष्ट्रासही बरेच लागू पडते. मात्र त्या श्रद्धेने वन राखले गेले, हे गाडगीळ-वर्तकांच्या नोंदींवरून तितकेच स्पष्ट होते.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील काळकाईच्या राईत गाडगीळ-वर्तकांना गारंबीची महावेल आढळली. माणसाच्या मांडीएवढे जाड होणारे तिचे पिळदार खोड झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते आणि शेंगा मीटरभर लांब होतात. असा विस्तार होण्यास कित्येक दशके न तुटलेले रान लागते. मावळातील आजिवली येथील वाघजाईच्या राईत भेरली माड (ताडाच्या जातीचा वृक्ष) विपुल असून त्यांपासून माडी काढली जाते. म्हणजे सर्वच रायांत वापर पूर्ण वर्ज्य नसतो. पालापाचोळ्याच्या जाड थरात पाणी मुरत असल्याने अनेक रायांलगतचे झरे उन्हाळ्यातही टिकतात, ही गोष्ट भाताच्या मुलखात लहानसहान नव्हे.

रस्ते, जमिनीचे व्यवहार व स्थलांतर यांमुळे पुष्कळ राया आक्रसल्या आहेत. जीर्णोद्धारात सिमेंटचे देऊळ व सभामंडप उभारताना देवाचीच झाडे तोडली जातात, ही हानी विशेष क्लेशकारक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या 2002 च्या दुरुस्तीने सामुदायिक वा खासगी जमिनीवरील वनांसाठी सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद केली. देवरहाटींच्या जमिनी मात्र पुष्कळदा महसूल दप्तरी सरकारच्या नावे, तर वहिवाटीने गावकऱ्यांकडे आहेत.