ऑईलचा लाल दिवा बंद आहे म्हणजे इंजिन ठीकच आहे असं नाही

जुना ट्रॅक्टर चालवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ऑईल प्रेशरचा साधा मेकॅनिकल गेज बसवून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास काम करतो (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 1 किलो, म्हणजे 14 पीएसआय). त्यामुळे प्रेशर 4 किलोवरून 1 वर आलं तरी दिवा गप्पच, आणि रोटाव्हेटर लावून फुल रेसवर चाललेल्या इंजिनाला 1 किलो फार कमी पडतं. आमच्या ट्रॅक्टरचं हेच झालं, दिवा लागला तोवर क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) घासला होता आणि ऐन नांगरटीत इंजिन उतरवावं लागलं.

क्रँक आणि तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या मधली फट केसापेक्षाही बारीक असते. फिरता क्रँक ऑईलला आपल्याबरोबर ओढत त्या निमुळत्या फटीत घुसवतो आणि ऑईलच्या त्या पाचरीवरच तरंगतो. हे सापडलं कसं बघा, 1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते, ऑईल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं तर तिथून ऑईल उलट वरच यायला लागलं. बूच मारलं, उडालं. लाकडी गुडदी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी गेज लावला तर काटा 200 पीएसआयच्या वर गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त 100! मला ही गोष्ट फार आवडते. पुढे 1886 मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं.

म्हणजे क्रँकला उचलून धरतं ते पंपाचं प्रेशर नव्हे, पंपाने फक्त ती फट रिकामी पडू द्यायची नाही. पण फट झिजून दुप्पट झाली की त्याच प्रेशरला तिच्यातून जवळजवळ 8 पट ऑईल निसटतं, पंप तर तेवढाच, मग काटा खाली येतो. थंड ऑईल घट्ट असतं म्हणून सकाळी काटा चांगलाच दिसतो, खरं काय ते दुपारी इंजिन तापल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर कळतं.

गेजच्या आत वायर नाही की बॅटरी नाही. एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते, ऑईलचा दाब आला की जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी थोडी उलगडते आणि काटा सरकतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंनी 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आजही तीच चालते.

बसवताना जुना स्विच काढून तिथे टी (तीन तोंडांचा जोड) लावा, एका तोंडाला गेजची नळी आणि दुसऱ्याला तोच स्विच, दिवा काढू नका. आटे आधी जुळवून बघा, जबरदस्तीने पिळलं तर ब्लॉकचेच आटे जातात. टेफलॉन टेप भरमसाठ गुंडाळू नका कारण स्विचला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं, आणि टेपचा तुकडा आत गेला तर वेगळीच आफत. 0 ते 7 किलोचा गेज पुरतो. तांब्याची नळी असेल तर तिला एकदोन वेटोळी द्या, नाहीतर थरथरून थरथरून ती कडक होते आणि तडकते, आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा, गरम ऑईल त्यावर उडालं तर पेट घेऊ शकतं.

मी डायलच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारल्यात, एक तापलेल्या आयडलची आणि एक नांगरटीतल्या रेसची. चढावर काटा थरथरला की आधी डिपस्टिक बघतो, ऑईल कमी असलं की पंप हवा ओढतो. आणि काटा एकदम शून्यावर आला तर नळी तुटली का पंप गेला याचा विचार नंतर, आधी इंजिन बंद.