‘वाट लागली’ हा शब्दप्रयोग आला कुठून?

‘त्यांची दोन्ही मुलं मार्गी लागली’ असं कुणी सांगितलं की आपण म्हणतो, ‘छान झालं.’ ‘त्यांच्या दोन्ही मुलांची वाट लागली’ असं सांगितलं तर काय बोलावं ते सुचत नाही. मार्ग काय आणि वाट काय, अर्थ एकच. क्रियापदही दोन्हीकडे ‘लागणे’च. मग एक बातमी पेढे वाटण्याची आणि दुसरी हळहळण्याची, असं का?

‘वाट लागली’ ही मुंबईच्या नाक्यावरची, टपोरी भाषा आहे, हिंदी सिनेमातून ती आपल्या घरात शिरली, असं पुष्कळांना वाटतं. मुलांनी घरात हा शब्द वापरला तर ‘काय ही भाषा!’ म्हणून दटावणारेही आहेत. मला हा त्या शब्दावर अन्याय वाटतो. हा प्रयोग अस्सल मराठी आहे. तो नाक्यावर गेला नंतर. त्याचा अर्थ कसा वळत गेला, याच्या खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात अजून शिल्लक आहेत.

आधी ‘वाट’. संस्कृतात ‘वर्त्मन्’ म्हणजे रस्ता, मुळात चाकांनी जमिनीवर उमटलेली रेघ. आपण जिला चाकोरी म्हणतो ती. धातू ‘वृत्’, म्हणजे फिरणे, वळणे. प्राकृतात वर्त्मन्‌चं ‘वट्ट’ झालं. पुढे जोडाक्षर सैल होऊन आधीचा स्वर लांबला आणि ‘वाट’ झाली. कर्म–कम्म–काम किंवा हस्त–हत्थ–हात हे शब्दही याच रीतीने घडले. हिंदीत त्याच शब्दाचं ‘बाट’ झालं. ‘बाट जोहना’ (वाट पाहणे) आणि ‘बटोही’ (वाटसरू) त्यातलेच. मराठीत हा शब्द किती जुना आहे ते पाहायचं तर 1290 च्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव गीतेच्या भाष्यकारांना ‘वाट पुसतु’ निघालेले दिसतात. त्याच ‘वृत्’पासून ‘वर्तुल’ झाला आणि वर्तुलचा ‘वाटोळा’. म्हणजे ‘वाट लागली’ आणि ‘वाटोळं झालं’ ही दोन्ही वाक्यं एकाच धातूच्या दोन फांद्यांवर उगवलेली आहेत. नाशापर्यंत मात्र ती वेगवेगळ्या रस्त्यांनी आली.

आता खरा प्रश्न. रस्त्याचा नाशाशी संबंध काय?

पटकन सुचणारं उत्तर असं, की ‘वाटेला लावणे’ म्हणजे रवाना करणे, त्यावरून शेवटच्या प्रवासाला धाडणे, आणि त्यातून नाश. ऐकायला हे पटतं, पण व्याकरण त्याच्या आड येतं. ‘पाहुण्यांना वाटेला लावलं’ या वाक्यात माणूस वाटेवर जातो. ‘मार्गी लागला’ यातही माणूसच मार्गावर पोचतो. ‘मार्गी’ ही सप्तमी आहे. ‘त्याची वाट लागली’ यात माणूस कुठेच जात नाही. लागते ती वाट, आणि माणूस षष्ठीत, नुसता तिचा धनी म्हणून उभा आहे. दोन्ही वाक्यांची घडण मुळातच वेगळी आहे, त्यामुळे एकातून दुसरं निघालं असं मानायला जागा उरत नाही.

घडण जुळते ती ‘विल्हेवाट लावणे’शी. कचऱ्याची विल्हेवाट, जुन्या कागदपत्रांची विल्हेवाट. इथे वाट म्हणजे सोय, निपटारा, एखादी गोष्ट तिच्या जागी पोचवण्याची व्यवस्था. याच अर्थाने ‘वाट लावणे’ स्वयंपाकघरात अजून ऐकू येतं. ‘उरलेल्या पोळ्यांची काहीतरी वाट लाव’ म्हणजे त्यांचा कुस्करा कर, गाईला घाल, पण त्या तशाच पडून राहू देऊ नकोस. यात नाश नाही, उलट काटकसर आहे.

पण पुढचं वाक्य पाहा: ‘डबाभर लाडवांची मुलांनी दोन दिवसांत वाट लावली.’ संपवले की उधळले? दोन्ही. किंवा ‘वडिलार्जित जमिनीची त्याने वाट लावली.’ व्यवहार करून मोकळा झाला, की घालवून बसला? दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहू शकतील अशा वाक्यांना अर्थबदलाच्या अभ्यासात फार मोल आहे, कारण शब्द एका अर्थावरून दुसऱ्यावर जातो तो अशाच वाक्यांवरून, पुलावरून जावं तसा. बोलणाऱ्याच्या मनात ‘निपटारा’ असतो, ऐकणारा ‘नाश’ समजतो, आणि पुढच्या वेळी बोलताना तो नाशाच्याच अर्थाने वापरतो. पिढ्यानपिढ्या हे घडलं की नवा अर्थ पुढे येतो आणि जुना स्वयंपाकघरापुरता उरतो.

हे एकाच शब्दाबाबत घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. पण मराठीतली व्यवस्थेची कितीतरी क्रियापदं याच दिशेने घसरलेली आहेत. वासलात घ्या. हा अरबी-फारसीतून आलेला महसुली हिशेबाचा शब्द. ‘वासिल’ म्हणजे वसूल झालेली रक्कम. हिशेब पुरा करणं ही जबाबदारीची गोष्ट. पण आज ‘वासलात लावली’ म्हटलं की हिशेबाची वही कुणाला आठवत नाही, आठवतो तो सत्यानाश. ‘निकाल लावणे’ म्हणजे निर्णय देणे, आणि माणसाचा ‘निकाल लावणे’ म्हणजे त्याला संपवणे. बंदोबस्त म्हणजे चोख व्यवस्था, पण ‘त्याचा बंदोबस्त करतो’ ही धमकी असते. समाचार घेणे म्हणजे खुशाली विचारणे. ‘चांगलाच समाचार घेतला’ यात खुशाली उरत नाही. शब्द संस्कृतातून आलेला असो, फारसीतून असो की घरचा असो, उतार एकच. म्हणूनच ‘वाट लागणे’ हा कुणा टपोरीने एका दुपारी काढलेला शब्द नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

हा उतार कशामुळे? ‘अर्थविज्ञान’ या शाखेला नाव देणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला हात घातला होता. त्यांचं म्हणणं असं, की शब्दांना मुळात बिघडण्याची खोड नसते. माणसांनाच अप्रिय गोष्टी झाकून, सौम्य करून बोलायची सवय असते. ‘मारलं’ म्हणायचं नसतं म्हणून आपण ‘निकाल लावला’ म्हणतो, ‘उधळलं’ म्हणायचं नसतं म्हणून ‘वाट लावली’ म्हणतो. पण जे झाकायचं, त्याचाच रंग शेवटी पांघरुणाला लागतो.

‘लागणे’ हे क्रियापदही कमी नाही. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, दृष्ट लागते, छंद लागतो. ‘लग्न’ हा शब्दही त्याच ‘लग्’ धातूचा, म्हणजे ‘जोडलेलं, चिकटलेलं’. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: लागणारी गोष्ट बाहेरून येऊन आपल्याला चिकटते, आपण ती करत नाही. ‘लावणे’ म्हटलं की मात्र करणारा समोर येतो. ‘शहरातल्या रस्त्यांची वाट लागली’ आणि ‘शहरातल्या रस्त्यांची वाट लावली’ या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि जबाबदारी त्या एका अक्षरात आहे. कुणी लावली हे माहीत असूनही आपण ‘लागली’ म्हणतो, तेव्हा त्या कुणालातरी मोकळं सोडतो.

आता मुंबई. 1854 मध्ये तिथे पहिली कापड गिरणी स्थापन झाली, मग गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून, घाटावरून आलेले मराठी कामगार आणि उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे गिरणीच्या एकाच साच्याखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, काम करू लागले, एकाच चाळीत राहू लागले. मुंबईच्या हिंदीत ‘राडा’ आणि ‘झकास’ गेले, तशी ‘वाट’ही गेली: ‘मेरी तो वाट लग गई.’ हिंदीत रस्त्याला ‘वाट’ म्हणत नाहीत. त्यामुळे हे वाक्य बोलणाऱ्या हिंदीभाषकाला ‘वाट’ म्हणजे नेमकं काय हे बहुधा ठाऊकच नसतं; त्याच्या दृष्टीने तो शब्द फक्त या एका प्रयोगात राहतो. तरी तो ‘मेरी’ आणि ‘गई’ बिनचूक म्हणतो. शब्दाचा अर्थ वाटेत गळून गेला, पण त्याचं मराठी स्त्रीलिंग शाबूत राहिलं. भाषा एकमेकींकडून उसनं घेतात तेव्हा अख्खं वाक्य उचलतात, याचा यापेक्षा सुंदर पुरावा मी पाहिलेला नाही.

मेंदू असे वाक्प्रचार कसे समजून घेतो, यावर बरेच प्रयोग झाले आहेत. डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर यांनी 1979 मध्ये दाखवलं, की ओळखीचा वाक्प्रचार हा अर्थपूर्ण शब्दसमूह आहे हे माणसं तशाच साध्या शब्दसमूहापेक्षा लवकर ओळखतात. म्हणजे तो शब्दाशब्दाने जोडत बसावा लागत नाही. 1988 मध्ये क्रिस्टिना काच्चारी आणि पॅट्रिझिया तबोस्सी यांनी इटालियन भाषेत प्रयोग करून त्यात एक भर घातली: वाक्प्रचार ओळखू येईपर्यंत शब्दांचे साधे अर्थच जागे असतात, ओळखीची खूण मिळाली की मगच लाक्षणिक अर्थ जागा होतो. हे मराठीला लावून पाहिलं तर गंमत येते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘आम्ही त्याची वाट…’ इथवर ऐकून काहीच ठरत नाही. पाहिली? अडवली? लावली? प्रेम, भांडण आणि सर्वनाश हे तिन्ही त्या शेवटच्या शब्दापर्यंत शक्य असतात.

आज या प्रयोगाचे अर्थ आणखी पसरले आहेत. पेपर अवघड गेला की वाट लागते, हरिश्चंद्रगड चढताना वाट लागते, अंधारात साप दिसला की वाट लागते, आणि हसून हसूनही लागते. नाश, दमणूक, भीती, पराभव, आणि शेवटी नुसतं ‘खूप’. जोरदार शब्द फार वापरला की त्याची धार अशीच जाते, म्हणून मग ‘पार’, ‘पुरती’, ‘साफ’ अशी ठिगळं लावावी लागतात. नवे अर्थ तरुणांच्या तोंडी रोज आहेत, ते हरवणार नाहीत. काळजी वाटते ती जुन्या अर्थाची. उरलेल्या पोळ्यांची वाट ‘लावणाऱ्या’ आज्या, मावश्या अजून बोलत आहेत, तोवर त्यांची वाक्यं जशीच्या तशी, गावाच्या नावासकट, लिहून ठेवायला हवीत.