उन्हामुळे कोल्हे पिसाळतात का?

‘कडक उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही की कोल्हे-लांडगे आपोआप पिसाळतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे म्हणा. पिसाळलेल्या प्राण्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही, तेव्हा तहानेशी संबंध जोडला जाणं साहजिक.

पण जगाचा नकाशा समोर घ्या. ऑस्ट्रेलियात रखरखीत वाळवंट आहे, कोल्हे आणि डिंगो (तिथले रानकुत्रे) आहेत, तरी त्यांच्यात रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, नाही. उलट आर्क्टिकच्या बर्फातल्या कोल्ह्यांत तो आहे. म्हणजे लागतो तो विषाणू. ऊन असो वा नसो.

हा विषाणू लाळेतून, बहुतेकदा चाव्यावाटे शिरतो, नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि मग लाळग्रंथींत उतरतो. याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर कोल्हा धडधाकट दिसतो, फिरतो. पुढे लाळेत विषाणू आला की हद्दीवरून शेजारच्या कोल्ह्याशी झालेली एक झटापट पुरते. रोग असा टप्प्याटप्प्याने मुलूख व्यापतो. मोठी नदी किंवा डोंगररांग आडवी आली की वेग मंदावतो.

१९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली गेली. अशाच आमिषांनी पुढे पश्चिम युरोपातल्या कोल्ह्यांमधला रेबीज हटला. उन्हाळे तिथेही चालूच होते.