सौर भट्टी : लाकूड वाळवताना रात्र कशी कामी आली

सागाच्या ताज्या चिरलेल्या एक घनमीटर फळ्यांचा, म्हणजे वखारीच्या हिशेबात साधारण ३५ घनफूट मालाचा, ओलावा ५० टक्क्यांवरून १२ वर आणायचा तर दोनशे किलोंहून अधिक पाणी बाहेर काढावे लागते. (ही टक्केवारी पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात, त्यामुळे ओल्या मालाचा आकडा शंभराच्या वरही जातो.) ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी निघून जाते आणि फळीचे माप बदलत नाही. त्याखाली पेशींच्या भिंतींतले पाणी सुटू लागते, तेव्हा लाकूड आकसते. पूर्ण वाळेपर्यंत साग वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेने मात्र फक्त २.५. फळीला बाक येतो तो या तफावतीमुळे. ३० टक्क्यांची ही सीमा अमेरिकेच्या हॅरी टीमन यांनी १९०६ साली मांडली, आणि लाकूड वाळवणे अंदाजाच्या हातून मोजमापाच्या हाती आले.

त्याआधीची पद्धत म्हणजे वारा आणि धीर. ब्रह्मदेशात तर साग उभाच वाळवत. बुंध्याभोवतीची साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड गोलाकार तोडून झाड दोन-तीन वर्षे तसेच ठेवत, म्हणजे ओंडका नदीत तरंगण्याइतका हलका होई. चिरलेला माल थप्पी लावून सावलीत ठेवणे सगळीकडेच होते. पण उघड्यावर वाळवणे शेवटी हवेच्या मर्जीवर. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा लाकूड १८-२० टक्क्यांवर येऊन थांबते, कितीही दिवस ठेवले तरी. घराच्या दारा-खिडक्यांना ते चालत नाही.

पहिल्या महायुद्धात विमाने आणि बंदुकांचे दस्ते यांसाठी लाकूड घाईने लागू लागले आणि वाफेच्या भट्ट्या रुळल्या. अमेरिकेतल्या मॅडिसनची वनोत्पादन प्रयोगशाळा (स्थापना १९१०) आणि देहरादूनची वनसंशोधन संस्था (१९०६) यांनी एकेका जातीची तापमान-आर्द्रतेची वेळापत्रके बसवली. तंत्र पक्के होते, पण त्याला बॉयलर लागे, जळण लागे, चोवीस तास माणूस लागे. रोज दोन-चार ओंडके चिरणाऱ्या वखारीला ते कुठले परवडणार?

सौर भट्टीचा उगम या अडचणीत आहे. १९६१ मध्ये देहरादूनच्या रेहमान आणि चावला यांनी सूर्याच्या उष्णतेवर लाकूड वाळवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये पेक यांनी मॅडिसनला एक इंची रेड ओक (अमेरिकेतले एक कठीण लाकूड) वाळवून दाखवला, त्याच सुमारास पोर्तो रिकोतही असे काम झाले. १९६७ मध्ये प्लम्प्टर यांनी विषुववृत्तावरच्या युगांडात भट्टी चालवली. देहरादूनचा शर्मा, नाथ आणि बाली यांचा आराखडा १९७२ चा. या पिढीच्या बहुतेक भट्ट्या काचघरासारख्या होत्या. भिंती आणि छप्पर पारदर्शक, आत काळा रंगवलेला पत्रा, पंखा आणि हवा सोडायच्या खिडक्या. जितके ऊन आत, तितके चांगले, असा त्यामागचा विचार.

हिशेब मांडल्यावर गफलत उघड झाली. अमेरिकेचे लाकूड-तज्ज्ञ यूजीन वेंगर्ट यांनी १९७१ मध्ये काचघरी भट्टीच्या उष्णतेचा ताळेबंद तपासला. पारदर्शक भिंती दिवसा मिळवलेले रात्री आणि सावलीच्या बाजूने गमावत होत्या. काचेऐवजी लावलेले पॉलिथिन तर अतिनील किरणांनी काही महिन्यांतच ठिसूळ होई. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले. वेंगर्ट पुढे व्हर्जिनियात गेले आणि तिथे १९८० च्या सुमारास जो साधा आराखडा रुजला, त्यात फक्त सूर्याकडे तोंड असलेले उतरते छप्पर पारदर्शक ठेवले. बाकी भिंती आणि जमीन उष्णतारोधक, आतून काळ्या रंगाच्या. आजही छोटी भट्टी बांधणारे बहुतेक जण हाच आराखडा घेतात.

त्या आराखड्याची खरी किल्ली एका प्रमाणात आहे : एक घनमीटर मालाला सुमारे चार चौरस मीटर छप्पर. आपल्याकडच्या उन्हात असे छप्पर रोज २० युनिटांच्या आसपास ऊर्जा झेलते. त्यातला तिसरा हिस्सा जरी पाणी उडवण्यात गेला, तरी सुरुवातीला सांगितलेले दोनशे किलो पाणी तीन आठवड्यांत निघते. छप्पर वाढवले की काम लवकर उरकेल, हा मोह टाळावा. एक इंची रेड ओकचा ओलावा दिवसाला ३.८ टक्क्यांहून जास्त उतरला, तर पृष्ठभागावर चिरा पडतात. दोन इंची फळीला ही मर्यादा दीडच टक्का. नवख्यांची नेहमीची चूक इथेच होते. भट्टी अर्धीच भरली की उरलेल्या मालाला दुप्पट ऊन मिळते आणि तो तडकतो. माल कमी असेल तर छपराचा तेवढा भाग झाकावा.

आणि रात्र. ऊन गेले, पंखा थांबला की हवा गार होते, तिची आर्द्रता चढते. वरून कडक झालेली फळी पुन्हा थोडी ओल शोषते आणि तिच्यातला ताण सैल पडतो. वाफेच्या भट्टीत याच कामासाठी शेवटी मुद्दाम वाफ सोडावी लागते. काचघरवाल्यांना रात्रीची घट हा तोटा वाटत होता. पुन्हा चिरला तरी न वळणारा माल सौर भट्टीत मिळतो तो मात्र या रोजच्या विसाव्यामुळे. म्हणून रात्री हीटर लावून ती ‘सुधारू’ नये.

बाकी काम थप्पीचे. फळ्यांच्या थरांमध्ये ठेवायच्या पट्ट्या २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या, वाळलेल्या, एकसारख्या. दर ४५ सेंटिमीटरवर, खालपासून वरपर्यंत एका रेषेत. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा रंग, वर वजन. पंख्याची हवा थप्पीला वळसा घालून पळू नये म्हणून मोकळ्या जागा पडद्याने बंद कराव्यात. पंखा सौर पॅनेलवर चालवला तर ऊन-पंख्याची सांगड आपोआप बसते. भारनियमनात भर दुपारी बंद पडलेला पंखा छपराखालचे तापमान भलतेच चढवतो. ओलावा मोजायला थप्पीत सहज काढता येईल अशी नमुन्याची फळी ठेवून तिचे रोज वजन करावे.

महाराष्ट्रात एकच पद्धत सगळीकडे चालणार नाही. कोकणात २८ अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची हवा नुसती ४३ अंशांपर्यंत तापवली तरी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली येते. तिथे भट्टीचा फायदा मोठा, फक्त आषाढ-श्रावणात ऊनच नसते. चंद्रपूरकडे मे महिन्यात उलट संकट असते. बाहेरची हवाच इतकी कोरडी की खिडक्या उघड्या ठेवल्या तर ताजा साग दोन दिवसांत तडकतो. तिथे सुरुवातीचा आठवडा खिडक्या बंद ठेवून लाकडाचीच ओल आत राखावी लागते. आंब्याचे मात्र वेगळे : त्यावर निळसर बुरशी लगेच चढते, म्हणून चिरल्या दिवशीच थप्पी लावून हवा खेळती ठेवावी.

निर्यातीच्या पेट्यांच्या लाकडातली कीड मारायला त्याच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे लागते. छोटी सौर भट्टी बहुधा ५० ते ५५ च्या घरात थांबते, तेव्हा किडीचा बंदोबस्त वेगळा करावा.