‘स्पाउस’ या शब्दात कोण बसते? दक्षिण आफ्रिकेतील कायद्याच्या अन्वयार्थाची पार्श्वभूमी

मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे भारतातून आलेल्या एका मुस्लिम महिलेचे प्रकरण आले. पत्नी म्हणून तिला देशात प्रवेश हवा होता. तिचा विवाह बहुपत्नीत्वाला वाव देणाऱ्या धर्मानुसार झालेला असल्याने कायद्याच्या नजरेत ती पत्नी ठरत नाही, असा निकाल त्यांनी दिला. गांधीजींच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह अनेक स्त्रिया उतरल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या कायद्याने थोडा दिलासा मिळाला. मुस्लिम विवाहांना पूर्ण मान्यता मात्र मिळाली नाही.

त्या काळात दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयांवर इंग्लंडच्या संसदीय सार्वभौमत्वाची छाप होती. न्यायाधीशाने शब्दांचा सरळ अर्थ घ्यायचा, त्यातून संसदेचा हेतू शोधायचा आणि तो अमलात आणायचा. कायदा न्याय्य आहे का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. १९६१ च्या राज्यघटनेने तर संसदेच्या कायद्याची वैधता तपासण्यास न्यायालयांना मनाईच केली. एकच महत्त्वाचा अपवाद होता: इंग्रजी आणि आफ्रिकान्स या भाषांचा समान दर्जा. कायदे आळीपाळीने या दोन भाषांत स्वाक्षरीसाठी जात, आणि मजकुरात तफावत निघाली तर स्वाक्षरी झालेला मजकूर ग्राह्य धरला जाई. दोन भाषांना जे संरक्षण होते, ते देशातल्या बहुसंख्य माणसांना नव्हते.

या वाचनाची किंमत १९६४ च्या एका निकालात स्पष्ट दिसते. आल्बी सॅक्स हे वर्णभेदविरोधी तरुण वकील. चौकशीसाठी नव्वद दिवस स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देणाऱ्या १९६३ च्या कायद्याखाली त्यांना एकांतात डांबले होते. वाचायला पुस्तके आणि लिहायला साहित्य मिळावे, एवढीच त्यांची मागणी. केपच्या न्यायालयाने ती मान्य केली, अपील न्यायालयाने फेटाळली. कायद्यात पुस्तकांविषयी अवाक्षर नव्हते. कैद्याला बोलते करणे हा संसदेचा हेतू. मग त्याचा कंटाळा घालवण्याची सोय संसदेला अभिप्रेत असणार नाही, असा तर्क न्यायालयाने केला. शंका असेल तेव्हा स्वातंत्र्याकडे झुकणारा अर्थ घ्यावा, हे जुने तत्त्व त्या न्यायाधीशांना ठाऊक होते. पण ते केवळ गृहीतक होते, आणि संसदेच्या हेतूपुढे ते टिकले नाही.

२७ एप्रिल १९९४ रोजी अंतरिम राज्यघटना लागू झाली आणि संसदेऐवजी घटना सर्वोच्च ठरली. पुढच्या वर्षी घटना न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्याच्या पहिल्या न्यायाधीशांत सॅक्स होते. १९९६ च्या घटनेतील कलम ३९(२) तर न्यायालयांवर बंधनच घालते: कोणत्याही कायद्याचा अर्थ लावताना मूलभूत हक्कांच्या सनदेचा आशय आणि उद्दिष्टे पुढे नेलीच पाहिजेत. म्हणजे जे पूर्वी गृहीतक होते, ते आता कर्तव्य झाले. मात्र शब्द बाजूला सारून केवळ मूल्यांवर विसंबले तर ते अर्थ लावणे राहणार नाही, हा इशारा याच न्यायालयाचे न्यायमूर्ती केंट्रिज यांनी १९९५ मध्येच दिला होता.

ही सीमारेषा कुठे आहे, हे दोन निकालांत दिसते. मला हे दोन्ही फार मोलाचे वाटतात. दोन्हींचे प्रमुख निकालपत्र सॅक्स यांचे आहे, आणि दोन्हींत शब्द एकच: ‘स्पाउस’, म्हणजे पती किंवा पत्नी.

२००४ मध्ये मुस्लिम रीतीने विवाह झालेल्या एका विधवेला पतीच्या मालमत्तेत वारसा मिळेल का, हा प्रश्न होता. वारसा कायद्यात ‘स्पाउस’ची व्याख्याच नव्हती. सॅक्स म्हणाले, रोजच्या बोलण्यात ती पत्नीच आहे. तिला वगळण्यासाठीच आजवर शब्द ताणला गेला. न्यायमूर्ती मोसेनेके यांचे मत वेगळे होते. शब्द इतका ताणता येत नाही, कायदा घटनाबाह्य ठरवून दुरुस्त करावा, असे ते म्हणाले. माझ्या मते सॅक्स यांचे वाचन बरोबर होते. तरीही मोसेनेके यांचा आग्रह हलका नाही. न्यायालय शब्दाला हवा तो अर्थ देऊ लागले, तर कायद्यात काय लिहिले आहे हे नागरिकाला कळणार कसे?

२००५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या विवाहाचे प्रकरण आले, तेव्हा मार्ग बदलला. १९६१ च्या विवाह कायद्यातील शपथेत ‘पत्नी (किंवा पती)’ एवढेच शब्द होते, आणि कितीही उदार वाचन केले तरी त्यांत ही जोडपी बसत नव्हती. म्हणून न्यायालयाने अन्वयार्थाचा आधार न घेता ‘किंवा स्पाउस’ हे शब्द नसणेच घटनाबाह्य ठरवले आणि संसदेला एक वर्ष दिले. त्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर १ डिसेंबर २००६ पासून ते शब्द कायद्यात आहेत असे समजावे, असाही आदेश होता. संसदेचा स्वतंत्र नागरी विवाह कायदा ३० नोव्हेंबरला, मुदतीच्या एक दिवस आधी, अमलात आला.